मोजून गळणारी तोटी

काशीनाथ ढोकेचा दिवस पावणेचारला सुरू व्हायचा. दक्षिण दिल्लीतल्या एका सरकारी वसाहतीत तो पंपचालक होता. चारला मोटार, सव्वापाचला टाकी भरलेली, साडेपाचला व्हॉल्व्ह खुला. चारशे घरांत पाणी. अशी चौतीस वर्षं. मी तिथेच प्लंबर होतो. त्याच्या पंपघराची फरशी कायम कोरडी असायची. ते सोपं नसतं. व्हॉल्व्ह उघडून आतलं गळती अडवणारं जुनं सूत काढायचं, नवं भरायचं, नट आवळायचा, आणि हे पुन्हापुन्हा करायचं. बाकीचे खाली डबा ठेवून मोकळे व्हायचे.

तो निवृत्त झाला आणि दुसऱ्या वर्षी त्याची बायको गंगुबाई गेली. मुलगा सुयश बंगळुरूला. आठवड्यातून एकदा फोन, "बाबा, जेवलात?" काशीनाथ म्हणायचा, "हो." बहुतेक वेळा जेवलेला नसायचा. जाग मात्र पावणेचारलाच यायची. उठायचा, पलंगाच्या कडेला बसायचा. उजाडेपर्यंत तसाच.

शर्ट अंगावर लोंबायला लागला तेव्हा मी त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी समुपदेशकाकडे पाठवलं. दीपमाला रामटेके, नागपूरची मुलगी. तिने मराठीत विचारलं, "काका, मनात काय चाललंय?"

काशीनाथने वर बघितलं. "तुमच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय."

ती हसली नाही. म्हणाली, "रविवारी सकाळी सहाला या. वसाहतीमागच्या रानात. बोलायचं नाही, पक्षी बघायचे."

त्या रानात रोपवाटिका आहे, बाकी सगळा कीकर, म्हणजे आपली वेडी बाभूळ. मला धरून नऊ जण जमायचे. फोन पिशवीत टाकायचा, हळू चालायचं, मग एका जागी वीस मिनिटं गप्प बसायचं. डोळ्यांना दिसेल ते बघायचं, कानाला येईल ते ऐकायचं. शेवटी प्रत्येकाने एक पक्षी सांगायचा आणि मन कसं आहे ते एका वाक्यात.

पहिल्या दिवशी काशीनाथ म्हणाला, "साळुंकी. मोटार चालू आहे, पाणी चढत नाही."

कुणी सल्ला दिला नाही. दीपमालाने मान हलवली आणि पुढच्या माणसाकडे वळली. घरी येताना तो म्हणाला, "बळवंता, बरी माणसं आहेत. चौकशा करत नाहीत." पुढच्या शनिवारी त्याने दाढी केली. रविवार सोडून आठवड्यात त्याची वाट बघणारं कुणी नव्हतं, हे मला माहीत होतं. त्यालाही होतं.

आम्ही बसायचो तिथे रोपवाटिकेच्या पाइपाचा एक व्हॉल्व्ह गळायचा. खाली परातीएवढं डबकं. एप्रिल तापला तसे सगळे पक्षी तिथे येऊ लागले. बुलबुल, सातभाई, शिंपी. एक दयाळ दर रविवारी अंघोळीला यायचा, काळापांढरा, शेपटी उभी. उत्तरा मॅडम त्याच्यासाठीच यायच्या. बँकेतून निवृत्त, एकट्या. पाच रविवार त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "दयाळ. ठीक." सहाव्या रविवारी त्याने पाणी उडवलं तशा त्या मोठ्याने हसल्या, मग तोंडावर हात धरला.

सगळे दयाळ बघत होते. काशीनाथ व्हॉल्व्ह बघत होता.

शुक्रवारी तो पाना, सूत आणि ग्रीस घेऊन एकटाच गेला. दीड तास खपला. गंजलेला नट सोडवताना बोट सोललं. माझ्याकडे येऊन सांगून गेला, "आता वर्षभर थेंब पडणार नाही."

रविवारी आम्ही वीस मिनिटं बसलो. जमीन कोरडी, भेगाळलेली. लांब कुठेतरी एक कावळा.

उत्तरा मॅडमनी विचारलं, "अरे, पानी कहाँ गया?"

"मी बंद केलं," काशीनाथ म्हणाला. आवाज ताठ होता. "गळत होतं."

त्यांची पाळी आली तेव्हा उत्तरा मॅडम म्हणाल्या, "आज काही नाही." पिशवी उचलून त्या आधीच निघाल्या. काशीनाथने बोटाची पट्टी मुठीत लपवली.

पुढचे दोन रविवार तो आला नाही. मी घरी गेलो. पातेल्यात कालचाच भात.

"चल की रे. रुसल्या नवरीसारखा काय बसलायस?"

"काय तोंडाने येऊ? त्या बाईचा एक पक्षी होता, तो मी घालवला."

"मग नट अर्धा सैल कर. दोन मिनिटांचं काम."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी शिवी दिली होती. "गळका व्हॉल्व्ह सोडून येऊ? माझ्या हाताने?"

"नको सोडूस. सड इथेच."

मी उठलो. दारापाशी होतो तेव्हा तो म्हणाला, "पक्ष्याला पाणी किती खोल लागतं?"

ते दीपमालाने सांगितलं. कडेला बोटभर, मध्ये चार बोटं, तळ खरखरीत, पाय घसरू नये म्हणून. रोपवाटिकेच्या माळ्याची परवानगीही तिनेच काढली. बाकी सगळं काशीनाथने केलं. सिमेंटची गोणी त्याने दोन खेपांत अर्धी अर्धी नेली, मला हात लावू दिला नाही. खड्डा खणला, विटांचे तुकडे ठोकले, वर सिमेंटची उथळ थाळी ओतली. ओली असतानाच झाडूने ओरखडे काढले. मग सात दिवस गोणपाट भिजवत ठेवलं. दोन दिवसांत वाळली असती, पण भेगा पडल्या असत्या. त्या आठवड्यात पावणेचारला उठून तो पलंगावर बसला नाही.

पाइपाला फाटा काढला आणि ट्रंकेतून एक पितळी तोटी आणली. जड, जुन्या घडणीची, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. ती बसवून हळूहळू फिरवत राहिला. थेंब पडला की बोटावर मोजायचा. "मिनिटाला चाळीस," म्हणाला. "ही गळती नाही. हा पुरवठा आहे."

पहिल्या रविवारी काही आलं नाही. दुसऱ्या रविवारी सातभाई आले आणि भांडले. उत्तरा मॅडमना दीपमालाने फोन केला होता. तिसऱ्या रविवारी त्या आल्या, काशीनाथपासून दोन माणसं सोडून बसल्या. अठराव्या मिनिटाला दयाळ थाळीच्या कडेवर उतरला. तोच की दुसरा, कोण सांगणार. पाण्यात शिरला, शेपटी उभी केली. त्या हसल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या, आणि मग एकदा काशीनाथकडे बघितलं.

"दयाळ," त्या म्हणाल्या. "बरं वाटलं."

काशीनाथची पाळी आली. "दयाळ. चढतंय. दाब कमी आहे."

परतताना त्याने मला चहाला बोलावलं नाही, मीही गेलो नाही. एकाच कपाचं दूध असतं त्याच्याकडे.

ती तोटी त्याने नोकरीच्या चौथ्या वर्षी घेतली होती, मे महिन्यात दुहेरी पाळ्या करून. वर्धेजवळच्या गावी गंगुबाई लांबच्या हापशावरून पाणी आणायची. घर बांधू तेव्हा अंगणात ही तुझी, असं त्याने तिला सांगितलं होतं. घर झालं नाही. तोटी ट्रंकेत राहिली. आता ती कीकरांच्या रानात आहे, आणि तिच्याखाली पाखरं अंघोळ करतात.