जोडीची हजेरी

गवंड्याच्या हाताखाली राबणाऱ्याला बिगारी म्हणतात. सिमेंट-वाळूचा माल कालवायचा, विटा पोचवायच्या, घमेलं डोक्यावर घेऊन वर चढायचं. बिगाऱ्याची हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, गवंड्याच्या निम्मी. आणि बाई असली की ती बिगारीच; बाई, तुला काय येतं, असं विचारायची पद्धतच नाही. लग्न होऊन मी राहात्यात आले तेव्हापासून बिगारी. आमचे हे गवंडी. ठेकेदार आम्हाला जोडी म्हणून बोलवायचा आणि दोघांची हजेरी एकत्र ह्यांच्या हातात ठेवायचा.

आता गंमत सांगते. एवढा दांडगा गवंडी, तिसऱ्या मजल्यावर बांबूच्या परांचीवर बिडी ओढत उभा राहणारा, पण बारक्या खोलीत ह्यांचा जीव घाबरायचा. आणि शिर्डीच्या बाजूला कामं सगळी लॉजची. खोली तिथं बाथरूम. हे आत गेले की घामाघूम होऊन बाहेर. एक दिवस म्हणाले, "तू घे बरं थापी. मी दारात उभा ऱ्हाऊन सांगतो." मी थापीनं भिंतीवर पहिल्यांदा मारलेला माल सगळा माझ्याच पायावर पडला. हे इतके हसले की मी थापी टाकून निघालेच होते. मग शिकले. मनगट कसं वळवायचं, सपाटीसाठी पाटा कुठून ओढायचा, गिलावा किती सुकला की लाकडी रंधा फिरवून गुळगुळीत करायचा. हळूहळू सगळी बाथरूम माझीच झाली.

कुणाला सांगायची सोय नव्हती. ठेकेदाराची गाडी वाजली की थापी ह्यांच्या हातात आणि घमेलं माझ्या. तो भिंतीवरून हात फिरवून म्हणायचा, "वा, मिस्त्री." हे खाली मान घालून उभे, आणि हसू दाबता दाबता माझी पुरेवाट. एकदा मात्र ह्यांना राहवलं नाही. म्हणाले, "ही भिंत हिनं केलीया. दोन गवंड्यांची हजेरी द्या." ठेकेदाराला वाटलं, चेष्टा चाललीय. त्यानं ह्यांच्या पाठीवर थाप मारली आणि गेला. त्या संध्याकाळी हे जेवले नाहीत. "भिंत चांगली म्हनतो, आन् बाईनं केली म्हटलं की खरं मानत न्हाई," हेच घोकत बसले. मला पैशांचं तेव्हा एवढं काही वाटलं नव्हतं. आपला माणूस आपल्या कामापायी रुसून बसलाय, ह्याचंच मला केवढं सुख झालं.

मग हे गेले. छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखाना येईस्तोवर संपलं. जोडी मोडली तशी माझी थापीही सुटली. एकट्या बाईच्या हातात भिंत कोण देतो? मी पुन्हा नाक्यावर, जिथून ठेकेदार रोजानं माणसं उचलतात तिथं, बिगारी म्हणून. आता पोरंसोरं गवंडी झालीत, एक डोळा मोबाईलवर, एक भिंतीवर. मी कालवलेला माल ते थापतात आणि माझा हात नुसता शिवशिवतो. ओल्या सिमेंटचा वास आला की लई आठवण येते. भिंतीच्या ह्या अंगाला मी, त्या अंगाला हे. चहाची वेळ झाली की पलीकडून थापीनं टकटक करायचे. अजून कुणी वीट ठोकली तरी मी मान वर करते.

म्हणे गवंडी कुशल आणि बिगारी अकुशल. हे ठरवणाऱ्यांना म्हणावं, भरलं घमेलं घेऊन शिडी चढा बघू. माल पातळ झाला तर भिंतीवर राहत नाही, घट्ट झाला तर थापी चालत नाही; तेही हातालाच कळावं लागतं. आणि बिगाऱ्याला भूक काही निम्मी लागत नाही.

यंदा एका लॉजच्या कामावरचा गवंडी लग्नाला म्हणून गेला तो परत आलाच नाही. टाइल्सवाला यायचा होता आणि बाथरूमचा गिलावा बाकी. तिथला ठेकेदार नवा, तरुण. डोक्याला हात लावून बसला. म्हटलं, मी करते. तो हसला, पण इलाज नव्हता. दिवस मावळायच्या आत मी एक बाथरूम पुरं केलं. भिंत सरळ आहे का बघायला त्यानं ओळंबा सोडला, पाटा लावला, कोपरे बघितले.

"मावशी, काम एक नंबर हाय," तो म्हणाला.

"मग गवंड्याची हजेरी द्या. वरची सगळी बाथरूम मी करते."

माणूस वाईट नाही. म्हणाला, "बाईला गवंड्याची हजेरी दिली तर बाकीचे गवंडी माझं काम सोडून जातील. तुमी एक करा. कुनी बी गडीमानूस बरोबर आना. दीर आना, भाऊ आना. त्यानं थापी घिऊन नुसतं उभं ऱ्हायाचं, काम तुमी करा. जोडीची हजेरी देतो."

घरी येऊन दिराला सांगितलं. तो लगेच तयार. "उभंच ऱ्हायाचं ना? येतो की." मला काय कमी मोह झाला? जेवताना वरच्या मजल्यावरच्या सगळ्या कोऱ्या भिंती डोळ्यांसमोर येत होत्या. पण दीर दारात उभा आणि मी आत, हे चित्र काही मनाला सोसेना. त्या दारात हे उभे राहायचे. सकाळी दिराला नको म्हणून सांगितलं आणि एकटीच नाक्यावर गेले.

"आनला का मानूस?" ठेकेदारानं टेम्पोतूनच विचारलं.

"माझ्याजवळ उभा ऱ्हानारा मला शिकवत हुता, दादा. त्याच्या जागी नुसतं उभं ऱ्हायाला मला कुनी नको. भिंत माझी हाय, तर हजेरी बी मला एकटीला द्या."

त्यानं माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईला हात केला, ती चढली आणि टेम्पो निघून गेला. हे असते तर तिथल्या तिथं भांडले असते, आणि भांडून झाल्यावर आम्ही दोघं एकमेकांना बोल लावत घरी आलो असतो. मी एकटीच चालत घरी आले.