साठीत जागा आसता

आमच्या साठेसरांचं आडनाव साठे नव्हतं. खरं आडनाव शाळेच्या हजेरीपटात आणि त्यांच्या सातबाऱ्यावर सुखाने नांदत होतं, पण ते हाकेला कधी कुणी वापरलं नाही. साठ या आकड्यावर त्यांचा असा काही जीव होता, की सावंतवाडीच्या शाळेतल्या पोरांनी त्यांना साठे करून टाकलं आणि पाठोपाठ आमच्या गावानेही. एकदा बांद्याहून लग्नपत्रिका आली, तीच मुळी 'श्री. व सौ. साठे' अशी. काकी, म्हणजे सरांची बायको, भडकल्या. सरांनी मात्र पत्रिका कपाटाच्या काचेला लावून ठेवली. म्हणाले, "ता आडनाव बापाशीन दिल्यान. ह्या माजा मी कमावलंय!"

ते आम्हाला गणित शिकवायचे. वर्गात शुद्ध पुस्तकी मराठी, पण साठाचा विषय निघाला की गाडी घसरायची मालवणीवर. "दहाक मित्र किती? दोन आणि पाच. बस्स! तीन दारात इलो तर दहा तेका घरात घेणा नाय. साठीचा तसा न्हय. एकापासून सहापर्यंत कोणय येवंदे, साठ सगळ्यांक सारख्यो वाटण्यो करून देता. ह्याच्याहून ल्हान आकडो घेवन माका ह्या करून दाखवा, मी मिशी उतरवतंय." आम्ही पोरांनी आठवडाभर आकडे धुंडाळले. मिशी शेवटपर्यंत जागेवर राहिली.

मोजायचे तेही स्वतःच्या पद्धतीने. उजव्या हाताचा अंगठा बाकीच्या चार बोटांच्या पेरांवरून फिरवायचा, बारा पेरं झाली की डाव्या हाताचं एक बोट मिटायचं. पाचही बोटं मिटली की मूठ झाली आणि साठ झाले. एसटीत बसले तरी अंगठा चालूच. म्हाताऱ्या बायका आपसात म्हणायच्या, "बघ गो, मास्तर जप करतत. पुण्यवान माणूस!" पुण्यवान माणूस खिडकीतून माड मोजत असायचा.

मी वर्गातली आगाऊ. एकदा विचारलंच, "सर, मग शून्य ते नऊ अशा दहा अंकांऐवजी साठ अंक शिकायचे? आणि पाढे एकोणसाठपर्यंत?" वर्ग खो खो हसला. मला वाटलं, अडकले. छे! हे आणि अडकणार! "जुन्या माणसांनी दिवसाच्या साठ घटका केल्यानी, घटकेची साठ पळां केल्यानी. तुझ्या मनगटावरचा घड्याळ साठावरच चलता. पण ती माणसां आकडे दहाच्याच रीतीन लिवत. कित्याक? येडी नव्हती म्हणान! लिवूक धा, वाटूक साठ. समजला?" समजलं. दहाला त्यांनी कधी वाईट म्हटलं नाही. तो हिशेबनीस म्हणून ठीक, पण त्याला पंगतीत वाढायला उभं करू नये, असं त्यांचं मत होतं. स्वतःला साठावं लागलं तेव्हा कुणीतरी 'साठी बुद्धी नाठी' म्हणून डिवचलंच. सर शांतपणे म्हणाले, "ती म्हण दहाच्या पार्टीवाल्यान काढल्यान."

हे सगळं गमतीचं. पण आमच्या घराला सर साठाने उपयोगी पडले, ते गमतीचं नव्हतं.

आमच्या परसात आजोबांनी लावलेलं हापूसचं कलम आहे. त्याचे वाटेकरी तीन भाऊ: थोरले अण्णाकाका, मधले माझे बाबा आणि गावचं घर सांभाळणारा धाकटा बाळकाका. आंबे मोजायचे शेकड्याने. तेहतीस, तेहतीस, तेहतीस आणि उरला एक. त्या एका आंब्याने आमच्या घराचं वाटोळं करायला घेतलं होतं. अण्णाकाका म्हणे मी थोरला, बाळकाका म्हणे झाड मी राखतो, आणि बाबा तोंड फुगवून बसत. तीन शेकड्यांचे तीन उरलेले आंबे तिघांना एकेक देता आले असते, हे मलाही कळत होतं. पण भांडण पहिल्याच शेकड्याला पेटायचं, तिसऱ्यापर्यंत पोचायला शुद्धीवर होतं कोण? एका वर्षी बाळकाका इरेला पेटला. लाकूडवाल्याला बोलावून मोकळा झाला. "कलमच तोडून टाकतंय! ना आंबो, ना तंटो!" बाबा खळ्यात, म्हणजे अंगणात, उभे होते, रडवेले. त्या झाडाखाली वाढलेले तिघे भाऊ एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हते.

पलीकडच्या घरातून सर आले, बनियनवरच. आंब्यांच्या राशीपाशी बसले. "तिगांत वाटतास, तर शंभर मोजतास कित्याक? झाडाचो दोष नाय रे, शंभराचो दोष!" आणि अंगठा पेरांवरून फिरायला लागला. साठ मोजले, वीस-वीसचे तीन ढीग केले. पुन्हा साठ, पुन्हा तीन ढीग. कुणाला बोलायला जागाच मिळेना. शेवटी साठ न भरणारे थोडे आंबे राहिले. बाळकाका टपलेलाच होता. "आणि ह्ये, साठेबुवा? ह्ये कोणाचे?"

"ह्ये कोणाचेच न्हय. साठ भरले नाय ते हयसरच बसान, सगळ्यांनी मिळान खावचे. घरात न्हेलास तर माझी शपथ!"

आणि खाल्ले की! तिघेही, एकाच घमेल्याभोवती, कोपरापर्यंत रस ओघळत. अण्णाकाकांनी कोय चोखत बाळकाकाला विचारलं, "पाणी किती घालतस रे कलमाक?" त्या वर्षातलं ते त्यांचं पहिलं धड वाक्य. लाकूडवालाही दोन आंबे खाऊन आल्या पावली परत गेला.

पुढे काही वर्षांनी शिरोड्याची आत्या, बाबांची बहीण, वाटणीच्या दिवशी आली आणि पायरीवर बसूनच राहिली. लेकीलाही हिस्सा असतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलणार कोण? सरांनी काही न विचारता पंधरा-पंधराचे चार ढीग केले. बाळकाका कुरकुरला, "चौगांत शंभरपण पुरतत!" सर म्हणाले, "पुरतत. पण तिगांतय पुरतलो आणि चौगांतय, असो साठच. साठीत आणखी एकाची जागा आसता, बाळा." आत्याने पदराने डोळे टिपले. माझेही भरून आले होते, कशाला खोटं बोला?

सर गेल्या थंडीत गेले. झोपेतच, अंगठा म्हणे करंगळीच्या पेरावर होता. गावाची ही जोड असेल, पण मला ती खरी वाटते.

या मे महिन्यात आंबे उतरवले. राशीपाशी बाळकाका बसला, आता तोही म्हातारा झालाय. ज्याने सरांची सगळ्यांत जास्त टर उडवली, त्याचा अंगठा पेरांवरून फिरत होता. साठ झाले. त्याने ढीग मांडले बारा-बाराचे, पाच.

"पाचवो कोणाचो रे?" आत्याने विचारलं.

बाळकाका मान खाली घालूनच म्हणाला, "साठीत जागा आसता गो."

वाटणी झाली तसा पाचवा ढीग टोपलीत भरून तो स्वतः पलीकडे सरांच्या घरी काकींना द्यायला गेला. थोड्या वेळाने पाहते तर काकीच टोपली घेऊन त्याच्या मागोमाग आमच्या खळ्यात आलेल्या. टोपली बाजूला ठेवली, नीट मांडी घालून आमच्यात बसल्या, आणि म्हणाल्या,

"ह्ये मागाहून न्हेतंय. आधी सांगा, उरलेले खंय आसत?"