घोड्याच्या टापांखालचे

प्रताप नगरच्या फ्रेमवाल्या काकांचा प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न एकच असतो, "कुठं लटकवाचं आहे?" बोलताना ते माणसाकडे बघत नाहीत, चित्राकडेच बघतात. देव असो, लग्नाचा फोटो असो की गेलेलं माणूस, ते सगळ्यांना सारख्याच हलक्या हातानं पुसतात.

मी शिकवते त्या शाळेच्या हॉलसाठी एका जुन्या लढाईचं छापील चित्र मी घेऊन गेले होते. वर घोड्यावर आपला सरदार, खाली चिखलात दोन्ही बाजूंचे मेलेले शिपाई.

"शाळेत," मी म्हणाले.

काकांनी फ्रेमच्या आत चित्राभोवती बसवायची पांढऱ्या पुठ्ठ्याची चौकट चित्रावर ठेवली आणि तिची खालची पट्टी घोड्याच्या टापांपर्यंत वर सरकवली. मेलेले झाकले गेले.

"काका, ते दिसू द्या ना. मुलांना कळायला हवं."

"मुडदे पाहून पोरं जयजयकार करतीन का, मॅडम? साऱ्या शाळायचे असेच करून राहिलो मी, तुम्ही लहान होत्या तवापासून."

मी लहानपणी शिकले त्या शाळेच्या जिन्यातही असाच एक घोडेस्वार होता. त्याच्या खाली काय असेल, हा प्रश्न मला कधीच पडला नव्हता.

एका शिपायाचा हात मात्र पुठ्ठ्याच्या वर उरला होता. काकांनी पांढऱ्या कागदाची बारीक पट्टी कापली आणि डिंक लावून त्या हातावर दाबून बसवली. मग वर काच आणि फ्रेम चढवली.

"घ्या. आता जिंकली लढाई."

'नको' हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता. मी "थँक्यू, काका" म्हणाले आणि चित्र उचललं.