कुणीतरी धाडलेला माणूस

आमची लेक एस्तेर गेली त्यानंतर कितीतरी दिवस मला प्रार्थना करता येईना. रविवारी चर्चमध्ये जाऊन बसायचो, गीतं सुरू झाली की ओठ हलायचे, पण आत काही उमटत नसे. तिला डांग्या खोकला झाला होता. गुडघे टेकून जेवढं मागता येतं तेवढं मी मागितलं होतं. आमच्या चर्चचे पाळक भले माणूस. ते म्हणाले, "हातातलं काम सोडू नका. ते प्रभूचंच आहे असं समजून करा." मी मान हलवली. मनात मात्र आलं, माझं लेकरू राहिलं नाही, आणि मी दुसऱ्यांची लेकरं वाचवत हिंडायचं?

कारण माझं काम तेच होतं. निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि सरकारनं देवीची लस टोचायला आमच्यासारखी माणसं नेमली होती. लोक आम्हाला देवी डॉक्टर म्हणत. डॉक्टर वगैरे मी नव्हतो. लसीच्या नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून तुळजापूर तालुक्यातली खेडी पायी पालथी घालायची, दंडावर लस लावून त्यावर टोचायचं हत्यार फिरवायचं, आणि आठवड्यानं परत येऊन लस लागून फोड धरला की नाही ते बघायचं, एवढंच.

त्या उन्हाळ्यात जळकोटच्या पुढं आडबाजूच्या एका गावात देवी आल्याचं कळलं. मी पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. गल्लीतल्या दोन दारांना कडुलिंबाचे डहाळे टांगलेले होते, घरात देवी आल्याची ती खूण. मला बघताच बायांनी पोरं आत ओढली आणि दारं लावून घेतली. एका घरात तर पोराला धान्याच्या कणगीत लपवल्याचं मला दारातूनच कळलं, कारण कणगीतून शिंक ऐकू आली. पाटील परगावी गेले होते. मी दारोदार विनवण्या केल्या. आतून एकच उत्तर यायचं, "देवी घरात हाय. सुई लावली तर कोपंल. जावा तुमी."

गावाबाहेर येऊन मी लिंबाखाली बसलो. फडकं पुन्हा पुन्हा भिजवूनही कोमट लागत होतं. अशा उन्हात लस टिकत नाही, हे मला ठाऊक होतं. 'लोकांनी नकार दिला' असं वरिष्ठांना सांगून परत गेलो असतो तर कुणी बोल लावला नसता, आणि ते खरंही होतं. डोकं गरगरत होतं. मी डोळे मिटले आणि बऱ्याच दिवसांनी देवाशी बोललो. त्याला प्रार्थना म्हणता येणार नाही. "माझ्याच्यानं होत नाही. तुला हवं असेल तर तू बघ," एवढंच म्हणालो.

थोड्या वेळानं कुणीतरी म्हणालं, "लई ऊन लागलंय रं बाबा तुला."

समोर एक म्हातारी उभी होती. गळ्यात कवड्यांची माळ, हातात पाण्याचा तांब्या. भागाबाई तिचं नाव. देवीच्या सेवेला वाहिलेली आराधीण होती, त्याच गावची. मी तांब्या घ्यायच्या आधीच सांगून टाकलं, "आजी, मी ख्रिस्ती आहे." लोक विटाळ मानत, म्हणून त्या काळात हे आधी सांगितलेलं बरं असायचं.

"तहान लागलीय का न्हाय?" म्हणत तिनं तांब्या माझ्या हातात दिला. पाणी पिऊन झाल्यावर तिनं विचारलं, "लेकरं किती तुला?"

लोकांनी असं विचारलं की मी विषय बदलत असे. त्या दिवशी म्हणालो, "एक होती. गेली."

ती माझ्याजवळ खाली बसली. मग म्हणाली, "माझी दोन गेली. देवीतच." आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. "चल."

पहिल्याच डहाळ्याच्या दारात ती उभी राहिली. आत मोठा मुलगा देवीनं फणफणला होता आणि धाकटी सोनी आईच्या पदराआड होती. भागाबाई म्हणाली, "म्या बी तिचीच हाय. आई असल तर ती लेकरं कशापायी मागंल? तिनंच धाडलंय याला. पोरीचा हात पुढं कर."

मी चपापलो. मला तिनं धाडलं नाही, माझा देव वेगळा, असं सांगावं का, असं क्षणभर मनात आलं. पण मला त्या घडीला एवढंच पक्कं कळलं होतं की मला धाडलेलं आहे, आणि ज्यानं धाडलं त्यानं ही म्हातारी माझ्यापुढं चालायला दिली आहे. मी हत्यार स्पिरिटच्या दिव्यावर तापवलं.

सोनीचा दंड एस्तेरच्या दंडाएवढाच होता. तिनं घाबरून माझं बोट घट्ट धरलं, आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "प्रभू, हिला सांभाळ." मग गल्लीतल्या प्रत्येक दंडावर मी तेच म्हणत गेलो. दारं उघडत होती. भागाबाई पुढं, मी मागं.

आठवड्यानं परत गेलो तेव्हा मनात धाकधूक होती. पण एकूण एक दंडावर फोड धरला होता. अशा उन्हात तापलेली लस कशी लागली, हे मला आजही सांगता येत नाही. पुढं काही दिवसांनी सोनीचा भाऊही अंगावर व्रण घेऊन उठला, आणि त्या गल्लीत आणखी कुणाला देवी आली नाही. त्या दिवशी भागाबाईनं मला ओसरीवर बसवून भाकरी वाढली. मी आभार मानू लागलो तर म्हणाली, "म्या काय केलं? तू आलास म्हणून म्या उठले."

घरी येऊन मी मार्थाला, माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. तिचे हात थांबले. "काय नाव म्हणालात त्या पोरीचं?" तिनं विचारलं. मी सांगितलं. तिनं सूप बाजूला सारलं, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "चला, तिच्यासाठी प्रार्थना करू."

एस्तेर गेल्यानंतर आम्ही दोघांनी मिळून केलेली ती पहिली प्रार्थना. माझं दुःख त्या दिवशी संपलं नाही, ते अजूनही आहे. पण ते घेऊनच कामावर जाता येतं, आणि माझी ताकद जिथं सरते तिथून पुढं चालवणारा दुसरा कुणी आहे, हे मी तिथं शिकलो. पुढं नोकरी संपेपर्यंत कितीतरी दंड हाती आले. लेकराचं नाव विचारल्याशिवाय मी एकालाही टोचलं नाही.