आठेच शे, भाऊ

आज नातीला लस टोचायला नेलं. दवाखान्यात स्पिरिटचा वास आला आणि मी थेट चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायवाटेवर जाऊन पोचलो.

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि मी गावोगाव देवी टोचत हिंडायचो. देवीची साथ डोंगराकडे सरकत होती, म्हणून एका पाड्यावर घाईनं निघालो होतो. वाटेत मोहाची फुलं वेचणाऱ्या बाईला विचारलं, पाडा किती लांब? "आठेच शे, भाऊ," ती म्हणाली. म्हणजे इथेच! तासाभरानं भेटलेल्या गुराख्यानंही तेच सांगितलं. पोचलो तेव्हा उन्हं कलली होती, टाचा सोलल्या होत्या आणि डोकं तापलं होतं.

पाड्यावरचे म्हातारे नाना पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आले. मी त्यांच्यावरच उखडलो. "चार कोस आहे म्हणून सांगायला काय होतं तुमच्या माणसांना?"

"मंग तुम्ही आले असते का?" नाना शांतपणे म्हणाले.

मी लशीची पेटी उघडली. पहिल्याच पोरीनं हात मागे लपवला आणि विचारलं, दुखेल का?

"जरासं," मी म्हणालो.

नाना बोळक्या तोंडानं हसले. "जरासं म्हंजे कितलं, भाऊ? आठेच शे, तितलं?"

पोरगी खुदकन हसली आणि तेवढ्यात मी तिला टोचलंसुद्धा.

आज नर्सबाई नातीला म्हणाल्या, "कळणारसुद्धा नाही हं!" नातीनं संशयानं माझ्याकडे पाहिलं.

"आठेच शे," मी म्हणालो.