मागायचं सोडून सगळं बोलणारे आप्पा

मदत मागायला बाहेर पडून मदतीचा शब्दही न काढणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात एकच असेल, आणि नेमकं त्याच्या मागे फिरणं माझ्या वाट्याला आलं. हे आमचं लातूरचं वसतिगृह चालवणारे आप्पा. जिल्हा नवा झाला होता, शहरात सारख्या नव्या कचेऱ्या उघडत होत्या, आणि दुष्काळामुळे आमच्या कोठीत जेमतेम पंधरा दिवसांची ज्वारी उरली होती. ती संपली की पोरं आपापल्या गावी जाणार. माझी बी.ए.ची शेवटची परीक्षा दीड महिन्यावर आली होती. अशा वेळी आप्पा मला आडतीवर घेऊन जात आणि तासभर शेठच्या गुडघेदुखीची चौकशी करत. मग शेठनी मागच्या साली दिलेल्या ज्वारीची हकिकत, तीही अशी की ऐकून मला घाम फुटावा. "एका पोत्याला कीड लागली शेठ, चूक माझीच. दोन पोरं नापास झाली. हे समोर उभंय ते इंग्रजीत काठावर सुटलंय."

"आप्पा, मागायला आलाव का चुगल्या सांगायला?" शेठ म्हणाले.

"ज्वारी तुमची, खाल्ली ह्यानं. तुम्हाला कळू नये का?" एवढं बोलून आप्पा उठले.

बाहेर आल्यावर मी चिडून म्हणालो, "आप्पा, तुम्ही मागितलंच न्हाई."

"त्यांना दिसंना का?"

देणगी देतो, भिंतीवर नाव लावा म्हणणाऱ्या एका कंत्राटदाराला तर त्यांनी, "आधी पोरांच्या पंगतीत जेवा, मग बोलू," असं सांगितलं. तो परत फिरकला नाही. मी ट्रंक आवरायला घेतली. पण आठवड्यात शेठची पोती आली, आणि मागोमाग एसटीच्या टपावरून खेड्यापाड्यांतली ज्वारीची छोटी छोटी गाठोडी. परीक्षा झाली, मी पास झालो.

निकाल घेऊन घरी पळणार, तर आप्पांनी मला धरलं आणि गाठोडी पाठवणाऱ्यांच्या दारादारांत उभं केलं. उदगीर झालं, मुखेड झालं.

"घरी वाट बघायलेत हो आप्पा."

"पोचू की."

तिसऱ्या दिवशी किल्लारीच्या अलीकडे आमच्या गावात उतरलो तेव्हा मी त्यांच्याशी बोलत नव्हतो. वडील नुकतेच रोजगार हमीची खडी फोडून आले होते. आप्पांनी चपला काढल्या आणि शेठशी ज्या स्वरात बोलत त्याच स्वरात म्हणाले, "मालक, उन्हाळ्याच्या तोंडाला तुम्ही पायलीभर ज्वारी पाठवली होती. तिची खबर द्यायला आलोय."

त्या पायलीचं मला कुणी सांगितलं नव्हतं. वडिलांनी पटका सारखा केला, घोंगडी अंथरली आणि आप्पांना वसतिगृहातल्या एकेका पोराबद्दल विचारत बसले. माझी पाळी बऱ्याच उशिरा आली. इतक्या ताठ पाठीनं बसलेले वडील मी आयुष्यात तेवढे एकदाच पाहिले.