मेस्त्रींच्या गाडीचं छप्पर

"सायबानू, माझ्या गाडयेक डांबर फासलंय म्हणान तुमी सांगलात?"

फोनवर दत्ताराम मेस्त्री होते. वय शहात्तर. देवबागच्या वाटेवर खाडीकाठी त्यांचा मांडव आहे, तिथे लाकडी होड्या बांधण्यात त्यांची हयात गेली. आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे जाऊन त्यांची विक्रीला काढलेली गाडी बघून आलो होतो. रिपोर्ट अजून लिहिला नव्हता. पण गाडी घ्यायला निघालेल्या आंतोनचा संध्याकाळी फोन आला, आणि मी बोलून गेलो, "खाली डांबर फासलंय. सोड ती गाडी." आंतोनने माझे शब्द जसेच्या तसे मेस्त्रींना कळवले.

"रिपोर्ट येईपर्यंत थांबा, मेस्त्री," मी म्हणालो.

"रिपोर्टात काय ता लिवा. पण वाडीत माझा नाव चोर म्हणान झाला, ता कोण धुवन देतलो? तुमी?"

फोन बंद.

मी कुडाळात मोटर सर्व्हेयर आहे. अपघात झालेल्या गाडीचं नुकसान मोजून विमा कंपनीला कळवणं, हे मुख्य काम. जोडीला व्हॅल्युएशन करतो, म्हणजे जुनी गाडी घेण्याआधी ती कितपत धड आहे आणि किमतीला पटते का, हे लिहून देतो. सही माझी असते, त्यामुळे चूकही माझीच असते.

गाडीचं नाव लिहीत नाही, लिहिलं की हौशी लोकांचे फोन येतात. लांब बोनेटची, मोठ्या डिकीची देशी गाडी. बनवणारी कंपनी केव्हाच बंद झाली. वय अठ्ठावीस वर्षं. पन्नास वर्षं झाली की गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद करता येते, म्हणजे हिला अजून बावीस वर्षं बाकी. या वयाच्या गाडीला मान थोडा आणि खर्च पुरता. मेस्त्रींनी किंमत सांगितली होती एक लाख वीस हजार.

आंतोनचं तारकर्लीला चार खोल्यांचं होमस्टे आहे. बारा वर्षं आखातात काढून तो परत आला, आणि त्या कमाईतले दोन लाख त्याने गाडीसाठी बाजूला ठेवले होते. पाहुण्यांना कुडाळ स्टेशनवरून या गाडीतून आणायचं, असं त्याच्या मनात होतं. त्याची बायको लुसी हिला जुनी व्हॅन हवी होती. माझ्यासमोरच तिने नवऱ्याला सुनावलं होतं, "व्हॅनीत पावणे येतत, बटाट्याची पोती पण येतत. तुझ्या ह्या गाडयेत नुसते फोटो येतले." शेवटी दोघांचं ठरलं ते असं, की सर्व्हेयर हो म्हणाला तर गाडी, नाही म्हणाला तर व्हॅन. दोन लाख एकदाच खर्च होणार होते. म्हणून मला बोलावलं होतं.

आता 'डांबरा'बद्दल. समुद्राकाठच्या गाडीचं मरण खालून येतं. खारी हवा, ओली वाळू. चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, आतून खाल्ला जातो. काही विक्रेते त्यावर काळा जाड थर मारतात. वरून चकचकीत, आत पोकळ. तीन वर्षांपूर्वी अशाच एका गाडीखाली मी स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. तेव्हापासून काळं दिसलं की माझं मत आधीच तयार असतं.

मेस्त्रींच्या मांडवात पोतं अंथरून, टॉर्च घेऊन मी गाडीखाली शिरलो होतो. पुढून मागपर्यंत काळं. खरवडून बघायला मालकाची लेखी परवानगी लागते. ती मी मागितली नाही. फोटो काढले आणि निघालो.

मेस्त्रींचा फोन आल्यावर रिपोर्ट लिहायला बसलो. फॉर्ममध्ये 'अंडरबॉडी' असा रकाना आहे. तिथे 'गंजलेली' लिहायचं तर पुरावा हवा. माझ्याकडे पुरावा नव्हता, फक्त अनुभव होता. फोटो मोठे करून बघितले. एका कडेला काळा थर थोडा निघाला होता, आणि तिथे एकावर एक पापुद्रे दिसत होते. मी सात मोजले. पुढे मोजता येईनात. गाडी विकण्यासाठी कोणी काळं फासतं तेव्हा ते एकदाच फासतं. शिवाय ब्रशचे फटकारे सगळे एकाच दिशेने होते, आणि सायलेन्सरच्या चार बोटं अलीकडे ब्रश थांबलेला होता. घाईने लपवणारा माणूस इतकी काळजी घेत नाही.

मी मेस्त्रींना फोन केला. "उद्या गाडी कुडाळला आणता का? एमआयडीसीतल्या गॅरेजमध्ये लिफ्टवर घेऊ. तुमची परवानगी असेल तर खरवडून बघतो."

"खरवडा. सोलून काढा होयतर," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कुडाळचा बाजार होता, त्यामुळे आंतोनबरोबर लुसीही आली, दोन पिशव्या घेऊन. मेस्त्री स्वतः गाडी चालवत आले. मालवणहून येताना चढावातही इंजिन तापलं नाही, हे मी त्यांना विचारून लिहून घेतलं, आणि तापमानाचा काटा स्वतः बघून खात्री केली. परवानगीच्या कागदावर त्यांनी सही केली. कागद माझ्या हातात न देता बोनेटवर ठेवला.

गाडी लिफ्टवर चढली. मी पत्र्याच्या पट्टीने काळा थर काढायला लागलो. थर चिवट होता. बोटाएवढी जागा मोकळी झाली आणि खालून पत्रा दिसला. कोरा, निळसर. मी सहा ठिकाणी खरवडलं. सहाही ठिकाणी तसाच. हातोडीने वाजवलं, आवाज भरीव.

"हे काय लावलंय, मेस्त्री?"

"काजयेच्या सालीचा तेल. उकळून दाट केलेला. होडयेक लायतंय ताच. दर वैशाखात, गाडी घेतल्यापासना, अठरा वर्षा." मग आंतोनकडे वळून म्हणाले, "डांबर रस्त्यार घालतत, रे."

मी सगळ्यांसमोर म्हणालो, "माझी चूक झाली. न बघता बोललो."

"ह्या रिपोर्टात लिवशात?" लुसीने विचारलं.

"लिहीन."

मेस्त्री पहिल्यांदा हसले. आंतोनने तर खिशातून फोन काढून गाडीचा फोटोही घेतला. माझं काम मात्र संपलं नव्हतं. गाडी खाली घेतली आणि वरच्या बॉडीवर चुंबक फिरवायला लागलो. ही साधी तपासणी आहे. पत्र्याला चुंबक चिकटतं. पत्रा सडल्यावर त्या जागी पुट्टी भरून रंग मारला असेल तर चिकटत नाही. दरवाजे ठीक. बोनेट ठीक. समोरच्या काचेच्या वर, जिथे छप्पर सुरू होतं, तिथे चुंबक सुटून बोनेटवर पडलं. बाजूच्या पन्हळीत, म्हणजे छपरावरचं पाणी वाहून जाण्याच्या खाचेत, अंगठा दाबला. अंगठा आत गेला.



मेस्त्रींनी पुढे येऊन स्वतःचं बोट त्या भोकात घातलं. पिवळी पुट्टी आणि तांबडा चुरा बाहेर आला. चार वर्षांपूर्वी एका पेंटरने गाडी रंगवली होती, त्याने हे झाकलं असणार. मेस्त्रींचा चेहरा बघून एवढं नक्की कळलं, की त्यांना ते माहीत नव्हतं.

"अठरा वर्षा खालून तेल लावलात," मी विचारलं, "वर कधीच नाही?"

"सायबानू," ते हळूच म्हणाले, "होडयेक छप्पर खंय असता?"

आंतोन हसणार होता, पण हसला नाही. मेस्त्री भोकाकडेच बघत होते. पाणी खालून येतं, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. वरून येणाऱ्या पाण्यासाठी त्यांनी गाडीवर ताडपत्री घातली होती. ताडपत्रीखाली ओल कोंडली, आणि पन्हळ सडली.

मग त्यांनीच विषय काढला. "तीस कमी दे, आंतोन. नव्वद. माका दिसला नाय, पण माझ्याच घरात झाला."

मी हिशेब मांडला. छपराची पुढची पट्टी, दोन्ही पन्हळी, काचेची चौकट, रंग मिळून सत्तर हजार. टायर आणि ब्रेक पंचवीस. गाडी नव्वद. एकूण एक लाख पंच्याऐंशी. उरले पंधरा, ते सुट्या भागांसाठी राखायचे, कारण कंपनी बंद आहे आणि भाग शोधत फिरावं लागतं.

"माका एकच सांगा," आंतोन म्हणाला. "घेव काय नको?"

मी त्याला फरक सांगितला. चॅसी सडली तर दुरुस्ती म्हणजे दुसरी गाडी घेण्यासारखंच. छप्पर सडलं तर पत्र्याचं काम, वेळखाऊ पण होण्यासारखं. खर्च पटत असेल तर गाडी घेण्याजोगी आहे. पटतो की नाही, हे घरातल्यांनी ठरवायचं.

आंतोनने लुसीकडे बघितलं. आम्ही सगळ्यांनीच बघितलं. तिने पिशव्या खाली ठेवल्या आणि मला विचारलं, "खाल्लो भाग किती वर्षा टिकतलो?"

"तेल लावत राहिलात तर आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त."

ती मेस्त्रींकडे वळली. "आमी दर वर्षी घराच्या छपरावरचे नळे परततो. चार फुटले म्हणान घर विकतो काय?" आणि लगेच पुढे, "पण तेल तुमी येवन लावक व्हया, मेस्त्रीनू. दर वैशाखात. ह्येका जमाचा नाय."

"येतलंय गो बाये," मेस्त्री म्हणाले. "आता वर पण लायतंय."

गाडी घेतली गेली. पत्र्याचं काम एका महिन्यात होईल असं मी म्हणालो होतो, तीन महिने लागले. खर्च माझ्या अंदाजापेक्षा अकरा हजारांनी वाढला आणि राखलेले पंधरा त्यातच बहुतेक संपले. काचेचं रबर तर कुठेच मिळेना, शेवटी दुसऱ्या गाडीचं कापून बसवलं. हे सगळं लिहायला हवं, नाहीतर मी बरोबर होतो असं वाटेल. फी मी एकाच फेरीची घेतली. पहिल्या फेरीत काम झालं नव्हतं.

गाडी आता स्टेशनवर पाहुणे आणायला येते. लुसीने डिकीत बटाट्याचं पोतं बसवून बघितलं. दोन बसतात.

माझ्या फॉर्ममध्ये 'अंडरबॉडी'समोर आता दोन रकाने आहेत. एक, काय दिसलं. दुसरा, खरवडल्यावर काय दिसलं. दुसरा भरला नसेल तोवर मी गिऱ्हाइकाचा फोन उचलत नाही.